प्लेगचा जंतू व त्याची वाट

१८९७ सालच्या पुण्यातील प्लेगची हकीकत आपल्याकडे बहुधा रँडपासून सुरू होते आणि चाफेकर बंधूंपाशी संपते. गोऱ्या शिपायांनी घरोघर शिरून घेतलेल्या झडत्या, माजघरापर्यंत व देवघरापर्यंत गेलेले बूट, जाळून टाकलेल्या गाद्यागोधड्या, छावण्यांत नेलेली माणसे आणि अखेर २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाडलेल्या गोळ्या, एवढे सारे शाळकरी मुलासही ठाऊक असते. राजकीय इतिहास म्हणून ही हकीकत योग्यच आहे. परंतु तिच्या पाठीमागे दुसरा एक इतिहास आहे, तो जंतुशास्त्राचा. आणि तो शेजारी ठेवल्यावाचून पहिल्याचा पुरता अर्थ लागत नाही, असे आम्हांस वाटते. ज्या उपायांच्या पायी लोकांचा एवढा छळ झाला, ते उपाय त्या रोगावर लागू तरी होते काय, हा प्रश्न आपल्या इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही.

प्लेगचा जंतू त्या वेळी अज्ञात होता असे नव्हे. १८९४ च्या जून महिन्यात हाँगकाँग येथे साथ चालू असता जपानचे कितासातो व पॅरिसच्या पाश्चर संस्थेकडून आलेले यर्सिन हे दोघे एकाच वेळी त्याच्या शोधास लागले होते. कितासातोंचा बडेजाव मोठा. इस्पितळ व प्रेते त्यांच्या स्वाधीन. यर्सिनना कोणी दाद देईना, तेव्हा त्यांनी गवताची झोपडी बांधून तीत आपली प्रयोगशाळा थाटली आणि प्रेते नेणाऱ्या खलाशांच्या हातावर पैसे ठेवून शवागारात प्रवेश मिळविला. मृताच्या जांघेतील गाठ कापून तिच्यातील रस त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्राखाली धरला, तो त्यांस आखूड, दोन्ही टोकांस बोथट अशा जंतूंचा नुसता चिखल दिसला. आज तो जंतू त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे, रस्त्यांत मरून पडलेले उंदीरही यर्सिननी तपासले आणि त्यांच्या शरीरात तोच जंतू त्यांस आढळला. म्हणजे रोगाचा कर्ता सापडला, आणि त्याचे बिऱ्हाड कोठे असते याचीही चाहूल लागली. राहिली होती एकच गोष्ट: तो एका बिऱ्हाडातून दुसऱ्या बिऱ्हाडात जातो कसा? ही वाट निर्विवादपणे सिद्ध होण्यास आणखी बारा वर्षे लागली, आणि पुण्याचे १८९७ साल नेमके त्या बारा वर्षांच्या पोटात येते.

मुंबईत हा रोग प्रथम ओळखला तो गोव्याकडील एका डॉक्टराने. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीतील एका रोग्याची गाठ व ताप पाहून हा प्लेगच होय असे निदान केले. मांडवी म्हणजे बंदरालगतची दाट वस्ती. खाली धान्याच्या वखारी आणि वर माणसांची बिऱ्हाडे. तेथील वखारींतून उंदीर मरून पडत असल्याचे लोकांच्या ध्यानात आले होते. पण सरकार व म्युनिसिपालिटी यांची नजर उंदरांकडे नव्हती. ती गटारांकडे, कोंदट खोल्यांकडे व माणसांकडे होती. रोग घाणीतून वर येतो आणि रोग्याच्या स्पर्शाने, श्वासाने व कपड्यांनी पसरतो, अशी त्यांची समजूत होती. तिला अनुसरून गटारांतून समुद्राचे पाणी व कार्बालिक सोडण्यात आले, घरांस चुना फासण्यात आला, जमिनी उकरण्यात आल्या, आगगाडीच्या स्टेशनांवर उतारूंच्या काखा व जांघा तपासण्यात आल्या. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि या सर्वांस सक्तीचे बळ मिळाले. त्यापूर्वीच, १८९६ च्या ऑक्टोबरात, मुंबईच्या गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. तेथे माणसे बरी करण्यासाठी नव्हे तर मारण्यासाठी नेतात, अशी त्यांची खात्री झाली होती.

आता या उपायांचा जंतूच्या बाजूने विचार करा. कार्बालिकाने जंतू मरतो हे खरे. परंतु जंतू भिंतीवर नव्हता आणि गटारातही नव्हता. तो उंदराच्या रक्तात होता व पिसवेच्या पोटात होता. गटारे धुतल्याने व जमिनी उकरल्याने उंदीर मेला नाही, तो शेजारच्या घरात गेला. गाठीच्या प्लेगचा रोगी शेजारी बसलेल्या माणसास सहसा रोग देत नाही; उलट त्याला धरून नेतील या भीतीने लोकांनी त्यास लपविले, किंवा रातोरात गाठोडी बांधून गाव सोडले, आणि त्या गाठोड्यांतून व धान्याच्या पोत्यांतून पिसवा नव्या गावी गेल्या. एकच उपाय पुष्कळसा बरोबर होता, तो म्हणजे घर सोडून मोकळ्यावर जाणे. आणि गंमत अशी की, तेवढा एक उपाय लोक कोणी न सांगता करीत होते. ‘उंदीर पडले’ हे दोन शब्द कानी येताच गावेच्या गावे माळावर झोपड्या घालून राहत. गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांत तर ‘महामारी’च्या वेळी उंदीर मरू लागताच गाव रिकामे करण्याची जुनी चाल होती, आणि इंग्रज डॉक्टरांनी ती आपल्या अहवालांत नमूदही केली होती. सतराव्या शतकात जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात आग्र्याच्या साथीची एक हकीकत दिली आहे. तीत प्रथम झोकांड्या खात येणारा उंदीर आहे, मग त्याला धरणारी व आजारी पडणारी मांजर आहे, आणि मग घरातील दासी आहेत. तिन्हींचा क्रम एखाद्या जंतुशास्त्रज्ञाने लावावा तसा बिनचूक आहे.

या अनुभवास शास्त्राची जोड देणारा मनुष्य १८९७ सालीच मुंबईस येऊन पोचला होता. पाल-लुई सिमाँ हे पाश्चर संस्थेच्या वतीने यर्सिनच्या जागी आले. प्लेगच्या काही रोग्यांच्या अंगावर बारीकसा फोड असतो आणि गाठ येते ती त्या फोडाच्या जवळच्या अंगास, हे त्यांच्या नजरेस आले. फोडातील पाण्यात प्लेगचे जंतू होते. फोड म्हणजे दंशाची खूण, असे त्यांनी अनुमान केले. दुसरेही एक उदाहरण त्यांनी टिपून ठेवले होते. लोकरीच्या एका कारखान्यात सकाळी पुष्कळ उंदीर मेलेले आढळले. ते काढून टाकण्यास २० मजुरांस लावले. तीन दिवसांत त्यांतील १० जणांस प्लेग झाला, आणि बाकीच्या कामगारांपैकी एकासही झाला नाही. मात्र उंदीर मरून बराच वेळ झाला असेल तर त्यास हात लावल्याने सहसा काही होत नसे. हे का? प्राणी थंड पडू लागला की पिसवा त्याचे अंग सोडून ऊबदार शरीर शोधीत निघतात, म्हणून.

पुढे २ जून १८९८ रोजी कराची येथे सिमाँनी आपल्या प्रयोगाचे फळ पाहिले. प्लेगच्या रोग्याच्या घरात सापडलेला एक आजारी उंदीर त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला व त्याच्यावर मांजराच्या अंगावरील पिसवा सोडल्या. उंदीर मरणास टेकला तेव्हा एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात घालून बरणीत टांगला. त्यास रोग्याचा स्पर्श होणे शक्य नव्हते. काही दिवसांत तोही मेला आणि त्याच्या अंगात जंतूच जंतू सापडले. पिसवा नसलेल्या आजारी उंदरापाशी निरोगी उंदीर ठेवला असता त्यास काहीही झाले नाही. साधने म्हणाल तर एक बरणी, एक जाळी व दोन उंदीर. याहून स्वस्त असा मोठा शोध शास्त्राच्या इतिहासात विरळाच.

आणि याचे स्वागत कसे झाले? त्याच सुमारास सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने गावोगाव फिरून साक्षी घेतल्या व सिमाँचे मत विचारातही घेण्याजोगे नाही असे ठरविले. इतरांस तोच प्रयोग साधला नाही, आणि उंदराची पिसू माणसास चावतच नाही, असा आक्षेप युरोपातील काहींनी घेतला. हा आक्षेप घेणारे खोटे बोलत नव्हते. युरोपातील उंदरावरील पिसवा बहुतांशी निराळ्या जातीच्या. हिंदुस्थानातील उंदरावर जी जात मुख्यत्वे असते तिला शास्त्रीय नावही १९०३ पर्यंत मिळाले नव्हते. एका खंडातील पिसवेवरून दुसऱ्या खंडातील माणसांचे भवितव्य ठरविण्यात आले, एवढेच म्हणता येईल.

कोंडी फुटली ती मुंबईतच. ग्लेन लिस्टन हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर. त्यांस पिसवांच्या जाती ओळखण्याचा छंद होता. एका चाळीत आधी उंदीर मेले व मग माणसे आजारी पडू लागली, तेव्हा त्यांनी रहिवाशांच्या अंगावरच्या पिसवा धरावयास सांगितले. धरलेल्या ३० पिसवांपैकी १४ उंदराच्या निघाल्या. म्हणजे धनी मेल्यावर पिसू माणसाकडे वळते, हे मोजून दाखविता आले. १९०५ साली नव्या कमिशनचे काम परळच्या प्रयोगशाळेत सुरू झाले, आणि तेथील प्रयोग आजही वाचावेत असे आहेत. प्लेगच्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले, की ते पिसवांचे जिवंत सापळे होत व मरत. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या प्राण्यास रोग होई, पण दोन फुटांवर टांगलेल्यास होत नसे. कारण हवा दोन्हीकडे सारखीच असली तरी पिसवेच्या उडीस मर्यादा आहे. पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा पट्टा पसरला की आतला प्राणी वाचे. कोंदट हवेचा व रोग्याच्या श्वासाचा सारा सिद्धांत त्या चिकट कागदावर अडकून पडला. पिसू जंतू देते कशी, हा शेवटचा दुवा १९१४ साली लंडनमध्ये बेकट व मार्टिन यांनी जोडला. जंतू वाढून तिच्या जठराच्या तोंडाशी बोळा बसतो, रक्त पोटात उतरत नाही, भुकेने ती पुनःपुन्हा चावते आणि दर वेळी जंतूंसह रक्त जखमेत परत ओकते. कडक व कोरड्या उन्हाळ्यात अशी पिसू लवकर मरते. मुंबईची साथ उन्हाळा चढला की का उतरे, याचा बराचसा उलगडा येथे होतो.

परळच्या याच प्रयोगशाळेचे मूळ पुरुष हाफकिन. त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा खोलीत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे त्यांची लस टोचलेले १९ लोक धनुर्वाताने मेले व त्याचे खापर त्यांच्यावर फुटले. १९०७ साली ते निर्दोष ठरले. ही कहाणी स्वतंत्र लेखाची आहे. येथे इतकेच सांगावयाचे की, लस करण्यास जंतू पुरतो, वाट माहीत असावी लागत नाही, आणि म्हणूनच लस आधी आली व उंदरांचा बंदोबस्त मागाहून.

तत्कालीन अधिकाऱ्यांस न्याय द्यावयाचा तर एक गोष्ट मान्य केली पाहिजे. प्लेगचा जंतू फुप्फुसात उतरला म्हणजे तो खोकल्यावाटे माणसाकडून माणसाकडे थेट जातो. तेथे रोगी वेगळा ठेवणे हाच धर्म. त्यांची समजूत या दुसऱ्या प्रकारास लागू होती. पुण्यामुंबईत होता तो मुख्यतः पहिला. परंतु अज्ञान क्षम्य धरले, तरी माजघरात शिपाई घालण्यास कोणत्याही सिद्धांताची गरज नव्हती; आणि ज्यांची घरे तपासली जात होती त्यांस, तुमच्याकडे उंदीर केव्हा पडले, एवढे कोणी विचारले असते तर बारा वर्षांतील काही तरी वाचली असती. त्या अवधीनंतरही साथ थांबली नाही. एका १९०७ सालात हिंदुस्थानात सुमारे १३ लाख माणसे या रोगाने गेली, आणि साऱ्या साथीत एक कोटीहून अधिक. स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे हाती येईपर्यंत गाठ आलेल्या माणसाच्या घरी धीर देण्यापलीकडे वैद्यास फारसे करता येत नसे.

महाराष्ट्रात यानंतर प्लेगचे नाव पुन्हा गाजले ते १९९४ साली. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर भीतीने सोडलेल्या घरांत धान्य पडून राहिले व उंदीर माजले, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. बीड जिल्ह्यातील मामला या खेड्यात ऑगस्टच्या अखेरीस गाठीचे रोगी आढळू लागले. पण त्यापूर्वी सुमारे तीन आठवडे, ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात, गावातून तक्रार गेली होती. ती तापाची नव्हती व गाठीचीही नव्हती. गावात पिसवा फार झाल्या आहेत, अशी होती.