घराण्यातील घर : जयपूर-अत्रौली परंपरेचा वारसाक्रम

हिंदुस्थानी संगीताच्या मराठी विवेचनात ‘घराणे’ हा शब्द आता इतका रुळला आहे की, त्यातील ‘घर’ आपल्या कानांस ऐकू येईनासे झाले आहे. वामनराव देशपांडे यांचा ‘घरंदाज गायकी’ हा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला आणि घराण्यांचा सौंदर्यदृष्टीने विचार करण्याचा पायंडा त्याने पाडला. स्वर आणि लय या दोन तत्त्वांच्या मेळात प्रत्येक गायकीचे स्थान कोणते, हा देशपांडे यांचा मुख्य प्रश्न होता, आणि त्याचे मोल आजही उणावलेले नाही. परंतु केवळ याच दृष्टीने पाहिले म्हणजे घराणे ही एक शैली तेवढी उरते. ती शैली कोणी कोणास दिली, कोणत्या घरात दिली, आणि मुख्य म्हणजे कोणास देण्याची रीत नव्हती, हे इतिहासाचे प्रश्न बाजूस पडतात. जयपूर-अत्रौली घराण्याच्या निमित्ताने या टिपणात तेच प्रश्न विचारावयाचे आहेत.

या गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांचे मूळ घर अलिगढ जिल्ह्यातील अत्रौलीचे. जन्म राजस्थानातील उनियाऱ्याचा. घरात ध्रुपद-धमाराची परंपरा होती. वडील लवकर निवर्तल्यामुळे त्यांची तालीम चुलते जहांगीरखाँ यांजकडे झाली. पित्याकडून पुत्रास, चुलत्याकडून पुतण्यास, हा या घरांचा सर्वसाधारण वारसाक्रम. अशा घरांत चीज ही मालमत्ता असे. लग्नात जावयास चिजा आंदण दिल्याच्या गोष्टी गवयांच्या तोंडी आहेत. त्या आख्यायिका म्हणून सोडून दिल्या तरी चीज जमिनीसारखी किंवा दागिन्यासारखी वाटून देता येते, ही समजूत त्यांतून निःसंशय दिसते. येथे मुलीची जागाही लक्षात घेण्यासारखी आहे. तिच्या लग्नानिमित्ताने चीज एका घरातून दुसऱ्या घरात जाई. ती गाण्याचा अधिकार मात्र सामान्यतः तिला नसे.

शाहू महाराजांच्या आश्रयाने खाँसाहेब कोल्हापुरास स्थिरावले, आणि १९२२ साली महाराजांचे निधन झाल्यानंतर त्यांचे वास्तव्य मुंबईस झाले. त्यांस तीन पुत्र. थोरल्याची प्रकृती नाजूक. मधले मंजीखाँ यांनी मैफलीत मोठे नाव मिळविले, पण ते १९३७ मध्ये, वडिलांच्या डोळ्यांदेखत वारले. धाकटे भूर्जीखाँ १९५० साली गेले. नातू अझीझुद्दीनखाँ यांस सांगून खाँसाहेबांनी आपला जीवनवृत्तान्त लिहविला. १९३७ नंतरच्या त्या घराचा विचार मनात ठेवून तो वाचला म्हणजे त्यास वारसपत्राचे स्वरूप आल्यासारखे वाटते. रक्ताच्या वंशातून गायकी पुढे जाण्याची वाट अरुंद होत चालली होती. मंजीखाँ व त्यांच्या पश्चात भूर्जीखाँ यांनी धारवाडकडच्या मल्लिकार्जुन मन्सूर यांस तालीम दिली, ही एक वाट झाली. दुसरी वाट गोव्याकडे गेली, आणि तिचा विचार अधिक सावकाश केला पाहिजे.

गोव्यातील देवस्थानांशी निगडित असलेल्या कलावंत कुटुंबांची रचना खाँसाहेबांच्या घराच्या नेमकी उलट होती. येथे घर आईचे. कलेचा वारसा आईकडून मुलीकडे येई; गुरू बाहेरून आणावा लागे, आणि घरातील मुलगे पुष्कळदा तबल्याच्या किंवा सारंगीच्या साथीकडे वळत. या रचनेचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. तिच्यापायी स्त्रियांना केवढी अप्रतिष्ठा सोसावी लागली, हे त्याच समाजातून उठलेल्या सुधारणेच्या चळवळीने स्पष्ट शब्दांत मांडले आहे. तथापि एक गोष्ट खरी की, मुलीने गाणे शिकावे यासाठी आईने घरदार पणास लावावे, ही कल्पना त्या काळी महाराष्ट्रातील पांढरपेशा घरांत अशक्यप्राय होती. कलावंतांच्या घरात ती नित्याची होती.

केरीच्या केसरबाई (१८९२–१९७७) आणि कुर्डीच्या मोगूबाई (१९०४–२००१) या दोघी अशाच घरांतून आल्या. केसरबाईंनी लहानपणी अब्दुल करीमखाँ यांजकडे काही महिने, पुढे रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले आदी गुरूंकडे शिकून अखेर १९२१ साली अल्लादियाखाँ यांचा गंडा बांधला. मोगूबाईंना गाण्याच्या वाटेला लावले ते त्यांच्या आईने. ती मात्र मुलगी लहान असतानाच वारली. नाटकमंडळ्यांत काम करीत मोगूबाई सांगलीस आल्या आणि तेथे खाँसाहेबांनी त्यांस शिकविण्यास आरंभ केला. पुढे मुंबईत खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांचीही तालीम त्यांस मिळाली. ज्या घराण्यात मुलीस गाणे मिळत नसे, त्याच घराण्याचे सावनी नट, बिहागडा, संपूर्ण मालकंस यांसारखे अनवट राग अशा रीतीने परक्यांच्या मुलींच्या कंठी आले.

यापुढे दोघींची घरे निरनिराळ्या दिशांनी गेली. केसरबाईंनी आपल्या कन्येस वैद्यकाचे शिक्षण दिले. विद्या देण्याच्या बाबतीत तर त्यांचा हात फारच आखडता होता, आणि धोंडूताई कुलकर्णी यांच्याखेरीज त्यांची शिष्यपरंपरा जवळजवळ नाहीच. ज्या व्यवसायाने आपणांस कीर्तीबरोबर कलंकही दिला तो मुलीच्या वाट्यास येऊ नये, असे एखाद्या आईस वाटले असेल तर त्यात नवल ते काय? मोगूबाईंनी मात्र कन्येला, किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांना, गायकीच दिली. आई स्थायी-अंतरा दोनदाच म्हणून दाखवी, तिसऱ्यांदा नाही, असे किशोरीताई सांगत. ही करडी शिस्त खाँसाहेबी तालमीची. तिची जागा मात्र आईच्या घराची. पित्याकडून पुत्राकडे जाणारी गायकी येथे आईकडून मुलीकडे गेली, आणि माझ्या मते या घराण्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना हीच होय.

किशोरीताईंनी हा वारसा जसाच्या तसा जपला नाही, अशी तक्रार जाणकारांत बराच काळ होती. त्यांनी अंजनीबाई मालपेकरांसारख्या अन्य परंपरेतील गुरूंचाही लाभ घेतला होता. ‘स्वरार्थरमणी’ या ग्रंथातही त्यांचे चिंतन घराण्यापेक्षा रागाच्या भावाभोवती फिरते. तथापि तक्रार करणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःस विचारला नाही. अल्लादियाखाँ यांनी तरी वडिलार्जित गायकी जशीच्या तशी कोठे ठेवली होती? अतिगायनामुळे त्यांचा आवाज गेला आणि परत आला तो बदललेला. त्या आवाजास पेलेल अशी नवी ख्यालगायकी त्यांनी ध्रुपदाच्या पायावर उभारली. किशोरीताईंचाही आवाज तरुणपणी काही काळ गेला होता. हा योगायोग आहे आणि त्यावर सिद्धांत उभारू नये; परंतु मूळ पुरुषास जी मोकळीक आपण निर्माणशक्ती म्हणून देतो, तीच तिसऱ्या पिढीतील स्त्रीस घराणे सोडल्याचा दोष म्हणून लावतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

घराण्यांचे वृक्ष आपण ज्या पद्धतीने काढतो तिच्यात हा पक्षपात मुरलेला आहे. वर पूर्वज, मधोमध मुलगे व पुतणे यांचा बुंधा, आणि बाजूस तिरप्या रेघांनी जोडलेल्या शिष्या. वामनराव देशपांडे स्वतः मोगूबाईंकडे शिकले होते. तेव्हा जयपूर गायकीविषयीचा त्यांचा विवेक काही अंशी तरी त्या तिरप्या रेघेनेच घडविला असणार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही गायकी ज्यांच्या कंठातून ऐकू आली त्यांची नावे बुंध्यात घालावयाची तर आकृतीच नव्याने काढावी लागेल, आणि तीत मोगूबाईंच्या वर दोन रेघा दाखवाव्या लागतील : एक गुरूची, दुसरी आईची. ही दुसरी रेघ काढण्याची सामग्री विखुरलेली आहे. नाटकमंडळ्यांच्या जाहिराती, देवस्थानांची दप्तरे, मुंबईस आलेल्या कुटुंबांच्या आठवणी यांत ती शोधावी लागेल. तिचा काही भाग तर कायमचाच गेला. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या जलाशयात बुडाले असून, उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे तेवढे काही दिवस त्यातील घरांची जोती उघडी पडतात.