अमेरिकेतील राजकीय पक्ष : तिकीट मतदारांच्या हाती

भारतात निवडणुकीची घोषणा झाली की पहिली चर्चा सुरू होते ती तिकीटवाटपाची. उमेदवारी कोणाला मिळणार आणि कोणाची कापली जाणार, हे पक्षाचे नेते ठरवतात. अमेरिकेत हा अधिकार पक्षनेत्यांकडे जवळजवळ उरलेलाच नाही. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन हे तेथील दोन्ही प्रमुख पक्ष आपले उमेदवार प्राथमिक निवडणुकीद्वारे, म्हणजे 'प्रायमरी'द्वारे निवडतात आणि तीत सामान्य मतदार मतदान करतात. अमेरिकी पक्षपद्धतीची बहुतेक वैशिष्ट्ये आणि तिचे बरेचसे दोषही या एका व्यवस्थेतून उमगतात.

याचे एक उदाहरण अनेक मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. बेळगावात वाढलेले उद्योजक श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी लढवली. त्यांना तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. २०२० मध्ये ते राज्य विधिमंडळावर निवडून आले आणि २०२२ मध्ये डेट्रॉइट शहराचा मोठा भाग असलेल्या मतदारसंघातून प्रतिनिधीगृहासाठी प्रायमरीत उतरले. प्रचारासाठी त्यांनी स्वतःचे लक्षावधी डॉलर खर्च केले. नऊ उमेदवारांच्या त्या लढतीत त्यांना ३० टक्क्यांहून कमी मते मिळाली, पण ती सर्वाधिक असल्याने पक्षाची उमेदवारी त्यांना मिळाली. मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला होता. त्यामुळे नोव्हेंबरमधील मुख्य निवडणुकीत फारशी चुरस उरली नव्हती. या सर्व प्रवासात कोणत्याही पक्षश्रेष्ठींच्या संमतीची त्यांना गरज पडली नाही.

पक्षाचे सदस्यत्व ही कल्पनाही तेथे सैलच आहे. वर्गणी नाही, शिस्तीची प्रतिज्ञा नाही. सुमारे ३० राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवतानाच आपला पक्ष कोणता, हे नमूद करता येते आणि ही नोंद पक्षाच्या कार्यालयात नव्हे, तर सरकारी दप्तरात राहते. काही राज्यांत केवळ नोंदणीकृत पक्षसमर्थकांनाच प्रायमरीत मत देता येते, तर काही राज्यांत कोणताही मतदार हव्या त्या एका पक्षाच्या प्रायमरीत भाग घेऊ शकतो. प्रायमरीचे आयोजन आणि मतमोजणी बहुतेक ठिकाणी शासकीय यंत्रणाच करते. पक्षांतर्गत निवडीचा खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा, हे भारतीय वाचकाला नवलाचे वाटेल.

गंमत अशी की, अमेरिकेच्या घटनाकारांना पक्ष मुळातच नको होते. १७८७ मध्ये तयार झालेल्या राज्यघटनेत त्यांचा उल्लेखही नाही. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ मधील आपल्या निरोपाच्या संदेशात पक्षीय गटबाजीच्या धोक्याचा इशारा दिला. पण तोवर अलेक्झांडर हॅमिल्टन आणि थॉमस जेफरसन यांच्याभोवती दोन तट पडलेही होते. १८०० च्या निवडणुकीत तर पक्षशिस्तीनेच घोटाळा केला. त्या वेळी प्रत्येक निर्वाचक अध्यक्ष आणि उपाध्यक्ष असा भेद न करता दोन मते देत असे. जेफरसन यांच्या पक्षाच्या सर्व निर्वाचकांनी इमानाने आपल्या दोन्ही उमेदवारांना मते दिली आणि जेफरसन व अॅरन बर या दोघांनाही समसमान ७३ मते मिळाली. प्रतिनिधीगृहात मतदानाच्या तब्बल ३६ फेऱ्या झाल्यावर जेफरसन अध्यक्ष झाले. १८०४ मधील बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठी स्वतंत्र मतदान सुरू झाले. पक्षांना जागा करून देण्यासाठी घटना अशी वळवावी लागली, तरी पक्षांचे नाव मात्र त्या दुरुस्तीतही नाही.

आजच्या डेमोक्रॅटिक पक्षाची घडण १८२८ च्या सुमारास अँड्र्यू जॅक्सन यांच्या समर्थकांतून झाली. गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी १८५४ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि सहा वर्षांतच अब्राहम लिंकन यांच्या रूपाने त्याने अध्यक्षपद जिंकले. त्यानंतर दीर्घकाळ अध्यक्षपदाचे उमेदवार राष्ट्रीय अधिवेशनात, बड्या नेत्यांच्या वाटाघाटींतून ठरत. या पद्धतीला निर्णायक धक्का बसला तो १९६८ मध्ये. व्हिएतनाम युद्धावरून देश दुभंगलेला असताना ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली. शिकागो येथील अधिवेशनाच्या बाहेर निदर्शक आणि पोलिसांच्या चकमकी झडल्या आणि हम्फ्री रिचर्ड निक्सन यांच्याकडून पराभूत झाले. पुढे पक्षाने नियम बदलले. १९७२ पासून अधिवेशनाला येणारे प्रतिनिधी प्रामुख्याने प्रायमरी आणि कॉकस नावाच्या स्थानिक सभांतून निवडले जाऊ लागले. रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेने गेला.

या बदलाची खरी कसोटी २०१६ मध्ये लागली. रिपब्लिकन पक्षातील अनेक ज्येष्ठ नेत्यांचा विरोध असतानाही डोनाल्ड ट्रम्प यांनी प्रायमरी जिंकल्या आणि पक्षापुढे त्यांना स्वीकारण्यावाचून पर्याय राहिला नाही. २०२४ मध्ये उलट बाजूने तोच अनुभव आला. डेमोक्रॅटिक पक्षातील अनेकांना जो बायडेन उमेदवार नको होते, पण बहुसंख्य प्रतिनिधी त्यांनी प्रायमरींतून जिंकलेले होते. त्यांना हटवण्याचा सोपा मार्ग पक्षाकडे नव्हता. विनवण्या आणि दबाव एवढेच हाती होते. २१ जुलै रोजी बायडेन यांनी स्वतः माघार घेतली, तेव्हाच कमला हॅरिस यांचा मार्ग मोकळा झाला.

काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या कामकाजात मात्र हेच पक्ष भलतेच प्रबळ आहेत. ज्या पक्षाकडे बहुमत, त्याचाच प्रतिनिधीगृहाचा सभापती आणि त्याचेच सर्व समित्यांचे अध्यक्ष. कोणते विधेयक चर्चेला येणार, हेही तोच पक्ष ठरवतो. मार्च २०१६ मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी मेरिक गार्लंड यांचे नाव सुचवले. सिनेटमधील रिपब्लिकन बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांनी त्यावर सुनावणीच होऊ दिली नाही आणि वर्षअखेरपर्यंत ती जागा रिकामीच राहिली. बहुमताचा नेता हे पदही राज्यघटनेत कोठे नमूद नाही.

असे असूनही सदस्याला पक्षादेश बंधनकारक नसतो. भारतात १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे पद धोक्यात येते. अमेरिकेत असा कायदा नाही. जुलै २०१७ मध्ये ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यातील महत्त्वाच्या तरतुदी रद्द करणारे विधेयक सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळले गेले, ते तीन रिपब्लिकन सदस्यांच्या विरोधामुळे. त्यांपैकी जॉन मॅकेन यांनी पहाटेच्या सुमारास सभागृहात अंगठा खाली करून दिलेले मत विशेष गाजले. २००१ मध्ये तर सिनेटमध्ये दोन्ही पक्षांचे ५०-५० सदस्य असताना व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स रिपब्लिकन पक्ष सोडून अपक्ष झाले आणि एका माणसाच्या निर्णयाने सिनेटचे नियंत्रण डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले. जेफर्ड्स यांचे सदस्यत्व अबाधित राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये आठ रिपब्लिकन सदस्य डेमोक्रॅटिक सदस्यांसह उभे राहिले आणि त्यांनी आपल्याच पक्षाचे सभापती केव्हिन मॅकार्थी यांना पदच्युत केले. असा प्रकार अमेरिकेच्या इतिहासात प्रथमच घडला.

तिसऱ्या पक्षाला या रचनेत फारसा वाव नाही. १९९२ मध्ये उद्योगपती रॉस पेरो यांना देशभरात जवळपास १९ टक्के मते मिळाली, पण निर्वाचक मंडळात त्यांचे खातेही उघडले नाही. कारण ४८ राज्यांत पहिल्या क्रमांकाच्या उमेदवारालाच राज्यातील सर्व निर्वाचक मिळतात.

मग पक्षाचा बडगा नसताना सदस्य एकगठ्ठा मतदान का करतात? याचे एक मोठे कारण पुन्हा प्रायमरीतच सापडते. मतदारसंघांच्या सीमा बहुतेक राज्यांत तेथील विधिमंडळे, म्हणजे प्रत्यक्षात सत्ताधारी पक्षच आखतात. अनेक मतदारसंघ एका पक्षासाठी इतके सुरक्षित झाले आहेत की, विद्यमान सदस्याला नोव्हेंबरमधील विरोधकाची भीती नसते. भीती असते ती प्रायमरीत स्वपक्षातूनच उभ्या राहणाऱ्या, अधिक कडव्या प्रतिस्पर्ध्याची. प्रायमरीत मतदान कमी होते आणि जे येतात, ते बहुधा पक्षाचे निष्ठावान असतात.

जानेवारी २०२१ मध्ये संसद भवनावरील हल्ल्यानंतर प्रतिनिधीगृहातील दहा रिपब्लिकन सदस्यांनी ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने मत दिले. २०२२ मध्ये त्यांपैकी चौघांनी निवडणूकच लढवली नाही आणि वायोमिंगच्या लिझ चेनी यांच्यासह चौघे प्रायमरीत पराभूत झाले. केवळ दोघे पुन्हा निवडून आले, वॉशिंग्टन राज्यातून डॅन न्यूहाउस आणि कॅलिफोर्नियातून डेव्हिड व्हॅलाडाओ. या दोन्ही राज्यांत पक्षनिहाय प्रायमरी नसते. सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात, सर्व मतदार मत देतात आणि पहिले दोन उमेदवार मुख्य फेरीत जातात. अर्थात पराभूत झालेल्या चौघांपैकी जेमी हरेरा ब्यूटलर याही वॉशिंग्टन राज्याच्याच होत्या.