काचपेटीच्या तळाशी जांभा

रत्नागिरीकराला जांभ्याची ओळख करून देण्याची गरज नाही. घराचे जोते, विहिरीचे बांधकाम, परड्याचा गडगा, १९१० साली बांधून झालेला थिबा राजवाडा, सगळीकडे तोच तांबडा, सच्छिद्र दगड. मात्र गेल्या शतकाच्या उत्तरार्धात याच जातीचा दगड कुटून, पुड्यांत भरून जर्मनीत मत्स्यालयातील पाणवनस्पतींसाठी विकला जात होता, हे वाचले तेव्हा आम्हांला मौज वाटली. ज्या कातळावर पावसाळी गवताखेरीज काही उगवत नाही असे आपण म्हणतो, त्यात त्या लोकांना असे काय दिसले असावे?

मत्स्यालयाचा इतिहास बहुधा माशांचा आणि काचेचा म्हणून सांगितला जातो. तळाकडे कोणी पाहत नाही. वास्तविक आरंभापासून तळ तिथे आहेच. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये तेथील केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. त्यांच्या काचपात्रात दोन लहान सोनमासे, व्हॅलिस्नेरियाचे रोप आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी होत्या, आणि रोपाच्या मुळांसाठी खाली वाळू व चिखल. तिघे एकमेकांना जगवतात, हा त्यांचा सिद्धान्त पुढे गाजला. चिखल मात्र विस्मरणात गेला. विसाव्या शतकात पंप आणि गाळण्या आल्यावर तळाला स्वच्छ धुतलेली खडी घालणे रूढ झाले. मासे त्यात सुखाने राहत. वनस्पतींची कोवळी पाने मात्र पिवळी पडत, आणि हे लोहाच्या अभावाचे ठळक लक्षण.

कास्पर होर्स्ट आणि होर्स्ट किपर या जर्मन अभ्यासकांनी उष्ण कटिबंधातील ओढ्यांचे पाणी आणि तळ तपासून या प्रश्नाचा विचार केला. ‘द ऑप्टिमम अ‍ॅक्वेरियम’ या १९८६ च्या इंग्रजी पुस्तकामुळे त्यांचे म्हणणे जर्मनीबाहेर पोहोचले. जांभ्याचा चुरा खडीच्या खालच्या थरात मिसळावा, वर निव्वळ खडी अंथरावी, आणि तळाशी ऊब देणाऱ्या तारा ठेवून पाणी त्या थरातून सावकाश झिरपत ठेवावे, अशी ती रीत. ‘डुप्ला’ या नावाने त्यासाठीचा सारा सरंजाम बाजारात आला. पुडीवरचे नाव अर्थातच ‘लॅटराइट’. या नावाचा उगमही भारतातलाच. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ च्या आपल्या प्रवासग्रंथात मलबारातील अंगाडीपुरम येथील दगडाला ते दिले. खाणीत मऊ असताना कापावा आणि हवेत घट्ट होऊ द्यावा, असा तो दगड. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. थोडक्यात, आपला चिराच.

आता रसायनाकडे वळू. जांभ्यात लोह विपुल आहे, पण ते गंजाच्या रूपात. उघड्या हवेत ते पाण्यात विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. तळाच्या थरात प्राणवायू कमी झाला की सूक्ष्मजीव त्याचे विद्राव्य लोहात रूपांतर करतात, आणि मग ते मुळांना घेता येते. ज्याने भातखाचराच्या बांधाकडेच्या साचल्या पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग पाहिला आहे, काडी लावताच त्याचे तुकडे होताना पाहिले आहेत, त्याने हीच क्रिया उलट दिशेने घडताना पाहिली आहे. खालून वर आलेले विरघळलेले लोह हवेला भेटून पुन्हा गंजते, त्याची ती साय.

तरीही जांभ्याचे जे माहात्म्य तेव्हा गायिले गेले ते आम्हांला अतिशयोक्त वाटते. जांभा म्हणजे लक्षावधी वर्षांच्या पावसाने चुना, पालाश, मॅग्नेशियम आणि सिलिका धुऊन नेल्यावर उरलेला गाळसाळ. लोह सोडले तर त्यात झाडाला देण्यासारखे फार थोडे, आणि फॉस्फेट तर तो उलट धरून ठेवतो. आपल्या बागायतदारांना हे पुस्तकाविना ठाऊक होते. सुरुंग लावून कातळात खड्डे काढायचे, त्यांत दुसरीकडून आणलेली माती भरायची आणि मगच हापूसचे कलम लावायचे! डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन लेखिकेने १९९९ च्या आपल्या पुस्तकात खडीखाली साधी माती घालण्याचा पुरस्कार केला, तेव्हा ही हौस वॉरिंग्टनच्या चिखलाशी परत आली होती.

रत्नागिरीत बसून निवड करायची तर पर्याय दारातच आहेत, आणि फसवेही आहेत. शंखशिंपल्यांचा चुरा असलेली किनाऱ्याची पांढरी वाळू दिसते सुरेख, पण तिच्यातला चुना विरघळून पाणी जड करतो आणि लोह मुळांना आणखी दुर्मीळ होते. मांडवीच्या काळ्या वाळूत लोह आहे खरे, पण ते इल्मेनाइटमध्ये टायटॅनियमशी जखडलेले. त्याचा उपयोग शून्य. नदीची जाड वाळू वा काळ्या दगडाची बारीक खडी वरच्या थराला उत्तम. खाली थोडी शेतमाती, आणि तिच्यात मूठ-दोन मूठ जांभ्याचा चुरा. तो चिरेखाणीत चिरे कापताना पडतोच. चांगला धुऊन घ्यावा.

तो सड्यावरून मात्र खरवडून आणू नये, याबाबत आम्ही आग्रही आहोत. महसुली कागदांत अशा जमिनीची नोंद पुष्कळदा ‘पोटखराबा’ अशी असते. चिरेखाणींनी तिचे लचके तोडले आहेतच. सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हा निदान कोरलेल्या दगडाकडे लक्ष गेले. शेजारच्या डबक्याकडे अजून जायचे आहे. पावसाळ्यात त्या उथळ पाण्यात गेंद उगवतात, सीतेची आसवं फुलतात. गेंदाच्या काही जाती तर आज काचपेट्यांच्या बाजारात हौशी मंडळी पैसे मोजून घेतात. आश्विनात डबके आटते. मग पुढच्या मृगापर्यंत गेंदाचे बी बोटभर जाडीच्या त्या तांबड्या मातीत पडून असते.