सिंह : फासांच्या जखमा
हरिणांच्या मांसासाठी चोरटे शिकारी आफ्रिकेच्या अरण्यांत तारेचे जे फास मांडतात त्यांत सिंहही सापडतात. सुटण्यासाठी प्राणी जितका झगडतो तितका फास आवळत जाऊन रक्ताभिसरण खुंटते, अवयव सडतो, आणि पशुवैद्यकीय साहाय्य वेळेवर न लाभल्यास मृत्यू बहुधा ओढवतो. युगांडातील क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानाच्या मुलखातील जेकब हा सिंह याला विलक्षण अपवाद होय. २०२० मध्ये शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात एक मागचा पाय गमावूनही, पाणघोडे व मगरी यांचा वावर असलेला काझिंगा जलमार्ग त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये, टिबू या भावासह, रात्री सुमारे दीड किलोमीटर पोहून ओलांडला. उद्यानात सिंहिणींची संख्या घटल्याने त्यांच्या शोधार्थच हे अचाट धाडस घडले असावे, असे संशोधकांचे अनुमान आहे.