जुनी स्कूटर ऑनलाइन विकताना: जाहिरातीपासून नाव उतरेपर्यंत

जुनी स्कूटर विकणं आता फार अवघड राहिलेलं नाही. ओएलएक्स, क्विकर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर चार फोटो टाकले की संध्याकाळपर्यंत "लास्ट प्राइस?" विचारणारे मेसेज सुरू होतात. अडचण येते ती नंतर. गाडी देऊन पाच-सहा महिने झाले की जुन्या मालकाच्या मोबाइलवर सिग्नल तोडल्याचं चलान येतं. चलानवरच्या फोटोत स्कूटर ओळखीची असते, चालवणारा अनोळखी असतो. आरटीओच्या नोंदीत मात्र नाव अजून जुन्याच मालकाचं असतं.

चलानचे पाचशे-हजार रुपये भरून सुटता येतं. त्याच गाडीने कुणाला धडक दिली असेल, तर प्रकरण लाखांवर जातं. त्याबद्दल पुढे.

जाहिरातीआधीची तयारी

आरसी, चालू विमा आणि पीयूसी ही तीन कागदपत्रं हाताशी हवीत. नंबर टाकला की गाडीची नोंद 'परिवहन' संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर दिसते. हुशार गिऱ्हाईक ती आधीच बघून येतं, म्हणून विकणाऱ्यानेही बघावी. तिथे कर्जाचा बोजा दिसत असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवावा लागतो. कर्ज फिटून चार वर्षं झाली तरी बोजा आरसीवर तसाच, हे फार घरांत सापडतं. हप्ते संपले म्हणजे नोंद आपोआप जाते, असा समज असतो. बोजा उतरल्याशिवाय नाव बदलत नाही.

थकलेली ई-चलानं भरून टाकावीत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवली आहे का तेही पाहावं. ती नसेल तर मालकी बदलाचं काम आरटीओत अडतं. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मोबाइल नंबर. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी आरटीओच्या नोंदीतल्या नंबरवर जातो. तो नंबर बंद पडलेला असेल किंवा शोरूमवाल्याने तेव्हा आपलाच टाकला असेल, तर ऐन वेळी सगळं थांबतं.

नोंदणीला १५ वर्षं होत आली असतील, तर नूतनीकरण कोण करणार हे आधी बोलून घ्यावं. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते.

किंमत

पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा आकडा असतो. विमा कंपनीच्या हिशेबाने गाडीची तेवढी किंमत. बाजारभाव त्याहून वर किंवा खाली असू शकतो, पण सुरुवात करायला आकडा बरा आहे. त्यानंतर त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या, आपल्याच शहरातल्या आठ-दहा जाहिराती पाहाव्यात. जाहिरातीतली किंमत ही मागितलेली असते, मिळालेली नव्हे, हे धरूनच. पहिला मालक, टायर आणि बॅटरीची अवस्था, शिल्लक विमा, सर्व्हिसच्या पावत्या यांवर भाव हलतो. दुचाकी विकायला काढण्याआधी नवा रंग मारून घेण्याची पद्धत आहे. ती बहुधा उलटी पडते, कारण ताजा रंग दिसला की गिऱ्हाईक अपघाताबद्दल विचारू लागतं. धुऊन, पुसून आणलेली, ओरखडे तसेच असलेली स्कूटर जास्त विश्वास देते. मीटर मागे फिरवणं ही तर सरळ फसवणूक आहे.

एक काळ असाही होता की जुनी स्कूटर नव्यापेक्षा महाग जायची. १९७२ पासून बनू लागलेल्या बजाज चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे लगेच हातात मिळणाऱ्या गाडीला वरचा भाव होता. आताच्या स्कूटरवाल्याने ती आशा ठेवू नये.

फोटो दिवसा, उघड्यावर काढावेत आणि जिथे मार लागला आहे तिथलाही एक टाकावा. फुकट फेऱ्या मारणारे कमी होतात. आरसीचा किंवा आधारचा फोटो मात्र जाहिरातीत नको, चॅटवर अनोळखी माणसालाही नको. हीच कागदपत्रं दाखवून भामटे दुसऱ्या शहरात "माझी गाडी विकायची आहे" अशी खोटी जाहिरात टाकतात आणि आगाऊ रक्कम घेऊन गायब होतात. तक्रार मग कागदावरच्या नावाने होते.

न बघता घेणारं गिऱ्हाईक

खरं गिऱ्हाईक घासाघीस करतं, मेकॅनिकला घेऊन येतं, सीटखाली डोकावतं. जो घासाघीस न करता, गाडी न बघता पूर्ण किंमत द्यायला तयार होतो, त्याच्यापासून सावध राहिलेलं बरं. तो बहुधा सैन्यात किंवा निमलष्करी दलात असल्याचं सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, "बदली झाली आहे, माझा माणूस येऊन गाडी घेऊन जाईल, ॲडव्हान्स आत्ता पाठवतो" म्हणतो. मग येतो क्यूआर कोड. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जातात.

यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक बघताना. ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने दोन व्यक्तींमधली पैसे मागण्याची 'कलेक्ट रिक्वेस्ट' बंद केली, त्यामुळे एक वाट बुजली. क्यूआर कोडची वाट उघडीच आहे. "चुकून पाचच्या ऐवजी पन्नास हजार पाठवले, बाकीचे परत करा" हा प्रकारही चालतो. त्यात येणारा मेसेज बँकेसारखा दिसतो, पण बँकेचा नसतो. स्क्रीनशॉट किंवा एसएमएस पाहून पैसे आले असं मानू नये, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढली का ते पाहावं. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार झाली, तर तो गोठवला जाण्याची शक्यता असते.

चक्कर मारायला देताना

गिऱ्हाईकाला शक्यतो दिवसा, वर्दळीच्या जागी बोलवावं. "एक चक्कर मारून येतो" म्हणून गेलेला माणूस परतलाच नाही, अशा तक्रारी पोलिसांकडे येतात. मागे आपल्यापैकी कुणी बसणं हा साधा उपाय आहे. आधी परवाना मात्र बघायचाच. विनापरवाना माणसाला गाडी चालवू दिली तर मालकाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. चालवणारा अठराच्या आतला असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रकरण पंचवीस हजार दंड आणि तुरुंगवासापर्यंत जातं. कॉलेजच्या प्रवेशांच्या दिवसांत वडिलांऐवजी मुलगाच गाडी बघायला येतो, तेव्हा हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नाव उतरवणं

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो. विकणाऱ्याचा फॉर्म २९, दोन प्रतींत. अर्जाचा फॉर्म ३०, त्यावर दोघांच्या सह्या. बाजारात या जोडीला सरसकट 'टीटी फॉर्म' म्हणतात. सोबत चासी नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं असेल तर फॉर्म २८ वर एनओसी काढावी लागते.

प्रत्यक्षात काय होतं? "सह्या करून द्या, बाकी मी बघतो," असं घेणारा किंवा एजंट म्हणतो. तारीख आणि घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवून फॉर्म दिले जातात. तो माणूस नाव न बदलता गाडी तिसऱ्याला विकतो, तिसरा चौथ्याला, आणि कोरे फॉर्म गाडीबरोबर हिंडत राहतात.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात नेमका हाच प्रश्न सोडवला. एका मालकाने २००७ मध्ये कार विकल्याचं सांगितलं. ती पुढे अनेकांच्या हातांतून गेली, नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. २००९ मध्ये तिच्या धडकेत एक मुलगा दगावला. न्यायालयाने सांगितलं की कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. अपघातग्रस्ताच्या कुटुंबाने विक्रीच्या साखळीतला प्रत्येक माणूस शोधत फिरावं, अशी अपेक्षा करता येत नाही, हा त्यामागचा विचार. स्कूटरलाही हाच नियम लागू.

म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. शक्य असेल तर चावी देण्याच्याच दिवशी दोघांनी बसून परिवहन संकेतस्थळावर अर्ज भरावा, शुल्क भरावं आणि पावती घ्यावी. घेणारा टाळाटाळ करत असेल तर किमतीतले दोन-तीन हजार नाव बदलेपर्यंत राखून ठेवण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे. विक्रीपत्रात गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळसुद्धा लिहावी. "दुपारी ४ वाजून १० मिनिटं" ही नोंद त्याच संध्याकाळच्या चलानाला उत्तर देते. घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत त्याची सही घेऊन ठेवावी. फॉर्म २९ आरटीओत स्वतः देऊन पोच घेता येते. पोच हाती असणं चांगलंच, पण तेवढ्याने नोंदीतलं नाव बदलत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर निवांत राहता येत नाही.

जुन्या गाड्यांच्या डीलरला विकताना थोडा वेगळा मार्ग आहे. डिसेंबर २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, अधिकृत डीलरच्या ताब्यात गाडी दिल्याची ऑनलाइन सूचना फॉर्म २९सी मध्ये नोंदवली गेली की डीलर मानीव मालक ठरतो. तेव्हा भाव दोन हजारांनी कमी मिळाला तरी अशा डीलरचा विचार करायला हरकत नाही. फक्त त्याच्याकडे अधिकृत प्रमाणपत्र आहे ना, एवढं विचारावं. कोपऱ्यावरच्या प्रत्येक गॅरेजवाल्याकडे ते नसतं.

राहिला विमा

गाडी विकली की तिसऱ्या पक्षाचा विमा गाडीबरोबर जातो, पण घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही, तो माणसाचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घेतलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या दुचाकीवर ती सवलत वापरता येते. नाव बदलल्याचं परिवहनच्या नोंदीत दिसलं की त्याचा स्क्रीनशॉट काढावा आणि त्यानंतरच फास्टात फास्ट सगळ्या साइटवरची जाहिरात काढून टाकावी, नाहीतर पुढचे दोन महिने "गाडी आहे का?" असे फोन येत राहतात.