केडगांवचा छापखाना व तेथील मराठी बायबल

जुनी पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक प्रथम तिचें शेवटचें पान उलटतो. ग्रंथ कोणाचा हें आरंभींच्या नमनावरून अथवा ओवींतील नाममुद्रेवरून बहुधा कळतें. परंतु ती पोथी कोणाच्या हातची, कोणत्या शकांत, कोणत्या गांवीं व कोणासाठीं लिहिली गेली, हें सांगणारी पुष्पिका शेवटीं असते. पाठ, कंबर व मान मोडेपर्यंत कष्ट करून लिहिलेलें हें पुस्तक तेलापाण्यापासून व सैल बांधणीपासून राखावें, अशी विनवणीही पुष्कळ नकलकार तेथेंच करून ठेवितात. ग्रंथकर्त्याइतकेंच ग्रंथ लिहून काढणाऱ्या हाताला महत्त्व देण्याची ही आपली जुनी रीत आहे. तीच रीत एका छापील ग्रंथास लावून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पुणें जिल्ह्याच्या पूर्वभागांत भीमेच्या उत्तरेस शिरूर व दक्षिणेस दौंड असे दोन तालुके आहेत. हा प्रदेश ग्रंथसंग्राहकांस अपरिचित नाहीं. शिरूर तालुक्यांतील केंदूर हें ज्ञानदेवकालीन मानिल्या जाणाऱ्या कान्हो पाठकांचें गांव. त्याच तालुक्यांत वढू बुद्रुक येथें छत्रपति संभाजी महाराजांची समाधि आहे, इ. स. १६८९ च्या मार्चांत या भीमाकांठींच त्यांचा अंत झाला. महाराज ग्रंथकार होते, ही गोष्ट बखरींच्या वाचकांस फारशी ठाऊक नव्हती. त्यांचा ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ १९२६ सालीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें प्रसिद्ध केला. शेजारच्या पारनेर तालुक्यांत पिंपळनेरचे निळोबाराय होऊन गेले. त्यांची गाथा वारकऱ्यांच्या नित्य पाठांतील आहे. या सर्वांची वाङ्मयीन नोंद आपल्या लोकांनीं आस्थेनें ठेविली आहे.

‘बुधभूषण’ छापून निघण्यापूर्वीं दोनच वर्षें, म्हणजे १९२४ सालीं, याच टापूंत दौंड तालुक्यांतील केडगांव येथें एक मोठा मराठी ग्रंथ छापून पुरा झाला. तो ग्रंथ म्हणजे पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून केलेलें संपूर्ण बायबलाचें भाषांतर. आमच्या संग्राहकांच्या याद्यांत तो क्वचितच आढळतो. हस्तलिखित नव्हे म्हणून कोणी तो सोडला, तर परधर्माचा म्हणून कोणी. हीं दोन्ही कारणें इतिहासाच्या कामीं पुरेशीं नाहींत, असें आम्हांस वाटतें.

रमाबाईंचें पूर्ववृत्त येथें थोडक्यांतच देतों. त्यांचा जन्म १८५८ सालीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं जनरूढीस न जुमानतां पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, व लक्ष्मीबाईंनीं तें मुलीस दिलें. तीर्थोतीर्थीं पुराण सांगत हिंडणाऱ्या या कुटुंबांत वाढलेल्या रमाबाईंस बालपणींच भागवत मुखोद्गत झालें. दुष्काळांत आईबाप व थोरली बहीण गेल्यावर भावासह त्या कलकत्त्यास पोंचल्या, व १८७८ सालीं तेथील विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ त पतीच्या निधनानंतर त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला व ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें. पुढें इंग्लंडांत १८८३ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. अमेरिकेंतून परत आल्यावर १८८९ त मुंबईस शारदासदन काढलें व त्याच वर्षीं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें पुस्तक निर्णयसागर छापखान्यांत छापून प्रसिद्ध केलें. तेथील राज्यपद्धति, शाळा, स्त्रियांच्या संस्था व त्यांचीं वर्तमानपत्रें यांचें त्यांत केलेलें निरूपण आजही वाचनीय आहे.

शारदासदन १८९० त पुण्यास आलें, आणि लवकरच वादास तोंड लागलें. विधवा मुलींस तेथें ख्रिस्ती धर्माकडे वळविलें जातें, असा आक्षेप ‘केसरी’नें जोरानें मांडला, १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनींही आपला संबंध तोडला. आक्षेपकांचें म्हणणें सर्वस्वीं निराधार होतें असें आम्ही म्हणत नाहीं. सदनांतील कांहीं मुली ख्रिस्ती झाल्या हें खरें आहे. परंतु या वादाचा एक परिणाम असा झाला कीं, त्यानंतरच्या तीस वर्षांत रमाबाईंनीं जें लिहिलें व छापलें तें मराठी वाङ्मयाच्या चर्चेंतून जवळजवळ गळालें. पुण्याहून आगगाडीनें कांहीं तासांच्या अंतरावर एक ग्रंथशाळा चालू होती, आणि पुण्याच्या वाङ्मयसेवकांस तिची खबर नव्हती. निदान ती घेण्याची इच्छा नव्हती.

केडगांव हें पुणें-दौंड लोहमार्गावरील स्टेशन. तेथें रमाबाईंनीं सुमारें शंभर एकर जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं शेंकडों निराश्रित मुली व बायका आणिल्या. पुण्यांत त्या वेळीं प्लेगाचा कहर चालू असल्यामुळें त्यांची सोय केडगांवीं करावी लागली, व १८९८ त तेथें मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या सुमारास, गुजराथेंतील दुष्काळानंतर, तेथील वस्ती दीड हजारांच्या घरांत गेली. एवढ्या माणसांस केवळ अन्नवस्त्र देऊन भागणारें नव्हतें. प्रत्येकीच्या हातास कांहीं तरी काम हवें होतें. शेती, गुरें, विणकाम, शिवण व तेलाचा घाणा यांच्या जोडीस छापखाना आला. अंध मुलींस बोटांनीं वाचावयाची ब्रेल लिपि शिकविण्याचीही व्यवस्था तेथें झाली होती.

आतां भाषांतराकडे वळूं. मराठींत बायबल हें कांहीं नवें नव्हतें. श्रीरामपुराहून विल्यम केरी यांनीं वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें मत्तयाचें शुभवर्तमान १८०५ त व नवा करार १८११ त मराठींत काढला. पुढें अमेरिकन मिशनरी व मुंबईची बायबल सोसायटी यांनीं तें काम चालविलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संपूर्ण ग्रंथ उपलब्ध झाला. शिरूर येथेंही अमेरिकन मिशनचें ठाणें होतें, व त्याच मिशनचें ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ पासून अहमदनगरहून निघूं लागलें होतें. तेव्हां या टापूच्या वेशीवर ख्रिस्ती मराठी लेखन रमाबाईंच्या पूर्वीं अर्धशतक पोंचलेंच होतें. मग पुन्हां भाषांतराचा खटाटोप कां?

याचें उत्तर भाषेच्या इतिहासांत आहे. पूर्वींचीं भाषांतरें परदेशीय विद्वान व त्यांचे शास्त्रीपंडित यांच्या सहकार्यानें झालेलीं. त्यांत संस्कृत शब्दांचा भरणा पुष्कळ. शिवाय ते शब्द आपल्या दर्शनग्रंथांतील अर्थच्छटा घेऊन येणारे. रमाबाईंस या दोन्ही गोष्टी खटकल्या. आपल्याभोंवतीं बसलेल्या, कालपरवां अक्षरओळख झालेल्या खेडवळ बायकांस वाचतां वाचतां समजेल अशी मराठी त्यांस हवी होती, आणि मुळांतील शब्दाशीं इमानही सोडावयाचें नव्हतें. म्हणून उतारवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक यांचा कसून अभ्यास केला व शब्दशः मुळावरून काम आरंभिलें. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. संस्कृताचा सोस ज्यांस सहज शोभला असता, ज्यांची पदवीच ‘सरस्वती’ होती, त्याच विदुषीनें संस्कृताचा भार जाणूनबुजून उतरविला. भाषा येत नाहीं म्हणून साधें लिहिणारे पुष्कळ; येत असून वाचकासाठीं ती बाजूस ठेवणारे थोडे. एकनाथांच्या काळापासून चालत आलेल्या देशीच्या कैवाराचा हा विसाव्या शतकांतील एक दाखला आहे, मग ग्रंथाचा विषय कोणताही असो.

हें काम किती मोठें, याचा अदमास आंकड्यांवरून येईल. जुन्या करारांत ३९ व नव्यांत २७ मिळून ६६ पुस्तकें; अध्याय ११८९; वचनें एकतीस हजारांहून अधिक. आणि हें सर्व केडगांवींच जुळविलें, तपासलें, छापलें व बांधलें गेलें. हीं कामें मुक्तिसदनांतील स्त्रियांनीं केलीं.

ज्यांनीं छापखान्याचें काम जवळून पाहिलें आहे त्यांस याचा अर्थ कळेल. रोमन अक्षरांस जेथें थोडे खण पुरतात तेथें देवनागरीस काना, मात्रा, वेलांट्या, रफार व जोडाक्षरें मिळून शेंकडों खण लागतात. त्या खणांतून एकेक खिळा उचलावयाचा, अक्षर उलटें दिसत असतां वाचावयाचें, ओळ कसावयाची, पान बांधावयाचें, मुद्रित काढून चुका सुधारावयाच्या, आणि छपाई आटोपल्यावर तेच खिळे पुन्हां आपापल्या खणांत टाकावयाचे. धर्मग्रंथाच्या छपाईंत अनुस्वाराची चूकही खपत नाहीं. हें काम करणाऱ्यांपैकीं कितीएक जणी दुष्काळांत रस्त्यावर सांपडलेल्या होत्या; सदनांत येण्यापूर्वीं त्यांच्या घराण्यांत कोणा स्त्रीनें लेखणी हातीं धरल्याचा संभव थोडा. ज्या काळीं पुण्यामुंबईच्या छापखान्यांत खिळे जुळविणारे बहुतेक सर्व पुरुष असत, त्या काळीं भीमेच्या खोऱ्यांत हा ग्रंथ बायकांच्या हातांनीं तयार होत होता.

शेवटचीं वर्षें मोठ्या ओढीचीं गेलीं. १९१९ सालीं सरकारानें रमाबाईंस कैसर-इ-हिंद पदक दिलें. त्या मात्र भाषांतरांत गढल्या होत्या. ऐकूं येण्याची अडचण त्यांस तरुणपणापासूनच होती, व प्रकृतिही खालावली होती. संस्थेचा भार जिच्यावर टाकावयाचा ती कन्या मनोरमाबाई २४ जुलै १९२१ रोजीं वारली. तरीही मुद्रितें तपासण्याचें काम थांबलें नाहीं. शेवटचीं मुद्रितें पुरीं करण्यास कांहीं दिवस आयुष्य मिळावें अशी त्यांनीं प्रार्थना केली व तें काम हातावेगळें होतांच देह ठेविला, अशी आठवण संस्थेंत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. छपाई मात्र बंद पडली नाहीं. दोन वर्षांनीं ग्रंथ बाहेर आला. ग्रंथकर्त्री गेल्यावरही ग्रंथ पुरा होतो तो मागें राहिलेल्या हातांच्या बळावर. केडगांवची खरी पुष्पिका हीच.

परंतु ती कोठें लिहिलेली नसते. छापील ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ग्रंथकार, छापखाना, स्थळ व साल असतें. खिळे जुळविणाराचें नांव घालण्याची चाल नाहीं. पोथीचा नकलकार आपलें व बापाचें नांव, गांव, शक व तिथि नोंदवून जातो, आणि आम्ही त्यावरून निबंध लिहितों. शारदासदनांतून बाहेर पडलेल्या आनंदीबाई कर्वे यांनीं १९४४ सालीं ‘माझें पुराण’ लिहून आपली हकीकत सांगितली. तशी संधि थोड्यांस मिळते. बाकीच्यांचा हस्तलेख म्हणजे त्यांनीं जुळविलेलीं हीं पानेंच होत.

यावर कोणी म्हणेल कीं, हें भाषांतर मराठी ख्रिस्ती मंडळांतही सार्वत्रिक झालें नाहीं. बायबल सोसायटीचेंच चालू राहिलें. मग त्याची मातबरी काय? यास आमचें उत्तर असें कीं, प्रसार हें ऐतिहासिक मोलाचें माप नव्हे. ‘बुधभूषण’ कोणत्या घरीं नित्य वाचलें जात होतें? तरी त्याच्या एका पोथीनें एका राजाविषयींचें आपलें मत बदलण्यास मदत केली. केडगांवचा ग्रंथही असाच साक्षीदार आहे: मराठी गद्य कोणासाठीं लिहावें याविषयीं एका विदुषीनें दिलेल्या निर्णयाचा, आणि ज्यांस आपण वाङ्मयाच्या इतिहासांत कधीं मोजलें नाहीं अशा स्त्रियांच्या कसबाचा.

संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. जुन्नरी अथवा दौलताबादी हातकागदावरील दोनशें वर्षांची पोथी, वाळवीपासून जपली तर, अद्याप धडधाकट असते. लांकडाच्या लगद्याच्या, यंत्रानें केलेल्या कागदाचें तसें नाहीं. तो आपल्याच आम्लानें पिवळा पडून ठिसूळ होतो व घडीवर तुटतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वींचें छापील पुस्तक अनेकदां त्याच्या दुप्पट वयाच्या पोथीपेक्षां लवकर नाश पावणारें असतें. शिरूर, दौंड व अहमदनगर या बाजूंच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत व रद्दीच्या दुकानांत केडगांवचीं छापील पुस्तकें आढळल्यास तीं ‘धर्मप्रचाराचीं’ म्हणून टाकूं नयेत. मुखपृष्ठ, छापखान्याचें नांव व साल यांची नोंद घ्यावी. कोऱ्या पानांवर जन्म, मृत्यु व विवाह यांच्या तारखा लिहिलेल्या असल्यास त्याही उतरून घ्याव्यात. धर्म ज्याचा त्यास राहो. कागद आपल्या सर्वांचा आहे.

तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून राखा, अशी विनवणी जुना नकलकार करीत असे. केडगांवच्या जुळारणींनीं तशी विनवणी छापली नाहीं. ती त्यांच्या वतीनें आम्ही येथें करीत आहों.