फ्लॅट टोइंग (मोटरहोममागे पिकअप ट्रक)

फ्लॅट टोइंग : चारही चाके रस्त्यावर टेकलेल्या स्थितीत, इंजिन बंद असलेली गाडी टो बारने दुसऱ्या वाहनामागे ओढत नेण्याची पद्धत. अमेरिका व कॅनडात मोटरहोम (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन भटकणाऱ्यांमध्ये ती रुळलेली आहे. आपल्याकडे बंद पडलेली गाडी ‘टोचन’ लावून गॅरेजपर्यंत आणतात. तेव्हा मागच्या गाडीत स्टिअरिंग धरून कोणीतरी बसलेले असते. फ्लॅट टोइंगमध्ये मागची गाडी धडधाकट असते, रिकामी असते आणि हायवेच्या वेगाने शेकडो किलोमीटर जाते.

दहा-बारा मीटर लांबीचे मोटरहोम एकदा तळावर उभे राहिले, पाण्याच्या, विजेच्या, सांडपाण्याच्या जोडण्या झाल्या, की दूध आणायला ते हलवणे जिवावर येते. म्हणून हाताशी दुसरी गाडी हवी. जहाजामागे बांधलेल्या होडीवरून तिला ‘डिंगी’ म्हणतात. ‘टोड’ हेही नाव आहे : इंग्रजीत ‘ओढलेली’ आणि ‘भेक’ या दोन्ही शब्दांचा उच्चार तोच.

खरी मेख गिअरबॉक्समध्ये आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद; पण रस्त्यावरची चाके शाफ्ट फिरवतच राहतात आणि आतले भाग तेलावाचून घासून तापतात. लिव्हर न्यूट्रलला टाकल्याने हे टळत नाही, आणि याच गैरसमजापायी चांगले गिअरबॉक्स जळतात. यावर पिकअपमध्ये उत्तम तोड आहे ती ट्रान्सफर केसची, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या व मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीची. फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपच्या दोन-गती ट्रान्सफर केसला स्वतःचा न्यूट्रल असेल, तर तो लावताच चाकांचा गिअरबॉक्सशी संबंधच तुटतो. फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो, रॅम १५०० आणि जीप ग्लॅडिएटर यांच्या अशा आवृत्त्या म्हणूनच पसंत केल्या जातात. टू-व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिक पिकअपला ही सोय नसते. तिचा शाफ्ट सुटा करणारे यंत्र बसवावे लागते, नाहीतर ती ट्रेलरवर चढवावी लागते. एक-गती ट्रान्सफर केसला बहुधा न्यूट्रल नसतो, त्यामुळे नुसते ‘४×४’ पाहून गाडी घेऊ नये. त्या वर्षीच्या, त्या मॉडेलच्या पुस्तिकेत काय छापले आहे तेच प्रमाण मानावे.

रॅमच्या काही मॉडेलांत ट्रान्सफर केसच्या न्यूट्रलचे बटण मुद्दाम आत दाबून बसवलेले आहे. चुकून बोट लागू नये म्हणून. ब्रेकवर पाय, गिअर न्यूट्रलला, इंजिन चालू, आणि बॉलपेनच्या टोकाने ते बटण काही सेकंद दाबून धरायचे. मग गिअर रिव्हर्सला टाकून ब्रेक हलकेच सोडायचा, नंतर ड्राइव्हला टाकूनही तेच करायचे. गाडी जागची हलली नाही तरच ट्रान्सफर केस खरोखर सुटली. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. ती कधीही गाळू नये.

यानंतर बेस प्लेट (टो बार अडकवण्यासाठी पिकअपच्या पुढच्या भागाला बसवलेला आधार), टो बार, सुरक्षा केबल आणि मागच्या दिव्यांची वायर जोडतात. टो बार शक्य तितका आडवा, जमिनीला समांतर हवा. पिकअपसाठी वेगळी ब्रेकयंत्रणा बसवणे अत्यावश्यक समजावे, आणि जोडणी तुटल्यास ब्रेक आपोआप लावणारा ब्रेकअवे स्विचही. पेट्रोलवरच्या अनेक मोटरहोमच्या हिचची (मागच्या ओढ-जोडणीची) मर्यादा ५,००० पौंड (सुमारे २,२७० किलो) असते, आणि क्रू कॅबची (चार दारांची) मोठी ४×४ पिकअप रिकामीच त्या मर्यादेच्या आसपास भरते. हौदात टाकलेली सायकल, जनरेटर, हत्यारांची पेटी त्याच वजनात धरायची. लांबीचे नियम राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात मोटरहोम व मागची गाडी मिळून ६५ फुटांची (सुमारे २० मीटर) मर्यादा आहे.

ही जोडगाडी रिव्हर्स घेता येत नाही. मागे रेटताच पिकअपची पुढची चाके एका बाजूला पूर्ण वळतात आणि टो बार वाकतो. बंद गल्लीत शिरलात तर आधी पिकअप सोडवायची, मोटरहोम वळवायचे आणि मग सगळे पुन्हा जोडायचे, बटणाच्या त्या परीक्षेसकट.